आडसालीचा आकडा

अण्णाने माझ्या वडिलांच्या मुस्काटात मारली, तेव्हा मी साखर कारखान्याच्या गट ऑफिसच्या पायरीवर जेवणाचा डबा घेऊन उभा होतो. डबा खाली ठेवला नाही, पुढे झालो नाही, काही बोललोही नाही. कॉलेजात जाणारा, अंगापिंडाने बरा असलेला मुलगा होतो मी. त्या दिवशी जे केलं नाही त्याचा वचपा पुढची काही वर्षं काढत राहिलो. कसा काढला, ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. ज्यांना सांगायला हवं होतं ते तिघेही आता राहिले नाहीत, म्हणून लिहायचा धीर झाला आहे. असल्या धीराचं मोल काय, ते मला कळतं.

आमचं गाव आष्ट्याजवळ. आबा, म्हणजे माझे वडील, मूळचे साताऱ्याकडचे. पलटणीतून हवालदार होऊन सुटले आणि आईच्या माहेरगावी येऊन सहकारी साखर कारखान्यात लागले. हुद्दा चिटबॉय. केस पिकलेल्या माणसाला बॉय म्हणायचं, पण कारखान्यात ते कुणाला खटकायचं नाही. कुणाच्या उसाला कधी तोड द्यायची त्याची चिठ्ठी फाडायची, हे चिटबॉयचं काम.

ज्यांच्या घरी ऊस नाही त्यांच्यासाठी एवढं सांगतो. आषाढात लावलेला ऊस आडसाली. तो दीड वर्ष रानात उभा असतो, म्हणून हंगाम लागला की तोडीचा पहिला मान त्याचा. थंडी सरताना लावतात तो सुरूचा ऊस, त्याची तोड हंगामाच्या शेपटाला. वेळेवर तोड आली नाही तर उसाला तुरा येतो, कांडं आतून पोकळ पडतं आणि वजन जातं. शेतकऱ्याची दीड वर्षाची मेहनत त्या एका चिठ्ठीवर टांगलेली, आणि चिठ्ठ्यांचं पुस्तक आबांच्या खिशात. त्यामुळे हंगामात आमच्या दारात तोंड धुवायच्या आत माणसं हजर. कुणी गोड बोलायला, बहुतेक शिव्या घालायला.

त्या साली अवकाळी पाऊस झाला. ओढ्याकाठच्या रानांतून गाड्या निघेनात, म्हणून आबांनी माळावरचा ऊस आधी घेतला. अण्णाचं रान ओढ्याकाठचं. अण्णा म्हणजे गावातला मोठा बागायतदार, चेअरमनच्या विरुद्ध पार्टीचा पुढारी, सभेत उभा राहिला की माईक लागायचा नाही असा आवाज. तो गट ऑफिससमोर आला तेव्हा गाडीवान होते, ऊसतोड टोळीच्या बायका होत्या, मी होतो.

"किती खाल्लंस रं माळवाल्यांकडनं?"

"आण्णा, गाडी रुतंल. वाट वाळू द्या जरा," आबा म्हणाले.

"मला वाट शिकवतोस व्हय? पलटनीतला भांडी घासनारा तू!"

आणि मारली. आबांची टोपी चिखलात पडली. एकदोघे गाडीवान हसले. आबांनी टोपी उचलली, झटकून डोक्यावर घातली, पुस्तकातून चिठ्ठी फाडली आणि म्हणाले, "घ्या. न्या तोड." अण्णाच्या गाड्या ओढ्यात रुतल्या. त्याबद्दलही त्याने आबांनाच शिव्या दिल्या.

आबांच्या हाताखाली तयार झालेला आणखी एक चिटबॉय तिथे होता. किरकोळ अंगाचा, पानाने तोंड रंगलेला, बोलता बोलता हसणारा. त्याने आबांच्या टोपीला राहिलेला चिखल स्वतःच्या धोतराच्या सोग्याने पुसला. मला म्हणाला, "घरात बोलू नगंस रं हे." मी बोललो नाही. पण त्या रात्रीपासून अण्णाचं वाईट कसं करता येईल याचे बेत मी झोप लागेपर्यंत करायचो. विहिरीत ढकलणं, गंजी पेटवणं, असलं सगळं. सांगतानाही पोरकट वाटतं. तेव्हा वाटत नसे.

पुढच्या वार्षिक सभेत अण्णा उठला. चिटबॉय खातात, शेतकी खातं खातं, चेअरमनच्या माणसांचा ऊस आधी जातो, असं सगळं त्याने काढलं. मग म्हणाला, "मानसाला पोट हाय, म्हनून मानूस खातो. मशीनला पोट नसतं. पुन्यात म्हनं हिशेब करनारं मशीन आलंय. तोडीची पाळी मशीनकडनं लावा, मानसाचा हात नगं!" टाळ्या पडल्या. ठरावात असं लिहिलं गेलं की पाळीपत्रकात कुणीही हाताने बदल करायचा नाही. चेअरमनने ठराव हसत हसत मान्य केला. तो का हसत होता, ते अण्णाला तेव्हा कळायला हवं होतं.

तेव्हा मुंबईत बँकेतले, विम्यातले लोक असल्या मशीनविरुद्ध मोर्चे काढत असल्याचं पेपरात यायचं. आमच्याकडे हारतुरे झाले. पुण्याहून टाय लावलेला एक माणूस आला आणि 'यांत्रिक मेंदू' या विषयावर कारखान्याच्या आवारात बोलला. हा मेंदू थकत नाही, विसरत नाही, भाऊबंद ओळखत नाही. एका म्हाताऱ्याने विचारलं, "त्येला ऊस कळतो का?" सगळे हसले. टायवालाही हसला. 

मशीन आलं म्हणून निम्मे चिटबॉय कमी झाले. वय बघून काढले, त्यात आबा गेले. तो पान खाणारा राहिला. आणि हवालदाराचं पोरगं बी.कॉम. झालेलं आहे म्हणून मला त्याच खात्यात नोकरी मिळाली, सांगलीला, विश्रामबागेत. आबांची भाकरी ज्याने काढून घेतली त्यानेच मला दिली, हा विचार मला सुचला होता. मी तो बाजूला ठेवला. पगार चांगला होता.

विश्रामबागेत एका बंगल्याच्या तळमजल्यावर आमचं ऑफिस. गावोगावच्या लागणीच्या, म्हणजे ऊस लावल्याच्या, नोंदवह्या तिथे यायच्या. वहीतली प्रत्येक नोंद मी आकड्यांत करून छापील चौकोनांत भरायची: गाव, सभासद, लागणीचा महिना, उसाचा प्रकार. आडसाली एक, पूर्वहंगामी दोन, सुरू तीन, खोडवा चार. तो कागद बघून मुली कार्डांना भोकं पाडायच्या. कार्डांच्या पेट्या एस.टी.ने पुण्याला जायच्या आणि तिकडून दोन्ही कडांना भोकं असलेले रुंद कागदाचे गठ्ठे छापून यायचे. दसऱ्याला मुलींनी पंचिंगच्या मशीनला झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. पुण्याचा तो मेंदू आमच्यापैकी कुणी पाहिला नव्हता. पण मी कामाला बसल्यावर पहिल्या आठवड्यातच एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. तो मेंदू माझ्या चौकोनांच्या पलीकडचं काहीही बघत नव्हता.

आमच्या गावची वही आली. अक्षर त्या चिटबॉयचं, आबांनीच वळण लावलेलं. अण्णाची ओढ्याकाठची लागण, महिना आषाढाचा, म्हणजे जुलै, सात. प्रकार आडसाली. मी महिन्याच्या चौकोनात सात लिहिला आणि प्रकाराच्या चौकोनात तीन.

आषाढात सुरूची लागण! आमच्याकडे शेंबडं पोरही हे ऐकून हसलं असतं. ते शक्यच नाही. मशीन हसलं नाही. मी महिना तसाच का ठेवला, तोही का बदलला नाही, याचा मी नंतर खूप विचार केला आहे. मला वाटतं, मला बघायचं होतं. अण्णाच्या लाडक्या मशीनला एवढंही कळत नाही, हे मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं.  तीनचा आकडा मी चांगला वळणदार काढला.

हंगाम लागला. पाळीपत्रक गट ऑफिसच्या भिंतीवर डकवलं गेलं, त्याला लोकांनी अंगारा लावायचंच बाकी ठेवलं होतं. अण्णाच्या चहूबाजूंचा ऊस तुटला. अण्णाचं नाव पार खाली, सुरूवाल्यांच्यात. पहिले काही दिवस तो ऐटीत होता. "मशीनचा हिशेब हाय, आपल्याला कळनार न्हाई. येईल पाळी." बोलणार काय? मशीन त्यानेच मागितलेलं. मी दर रविवारी घरी यायचो आणि मुद्दाम न्हाव्याच्या दुकानात जाऊन बसायचो, कारण तिथे अण्णाची गंमत चाललेली असायची.

"आन्ना, तुमचा मशीन लय शाना हाय की वो! तुमचाच ऊस वळखंना."

"पोट नसतं म्हनं त्येला."

"पोट नसंल, पर तोंड तर बघावं का न्हाई मानसानं मशीनचं?"

अण्णा दाढी अर्धी ठेवून उठून गेला एकदा. मला इतका आनंद झाला की मी न्हाव्याला दाढी न करताच पैसे देऊन आलो. खोटं कशाला सांगू, ते माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले रविवार होते. संक्रांतीनंतर अण्णाच्या उसाला पांढरेशुभ्र तुरे आले. मोकळ्या झालेल्या रानांच्या मधोमध तो तुकडा एकटा उभा होता आणि वाऱ्यावर हलत होता. मी बांधावर उभा राहून तो बघायचो, पिकनिकला आल्यासारखा.

मग एका सकाळी अण्णा आमच्या घरी आला. मी आतल्या खोलीत होतो. त्याने चपला बाहेर काढल्या, हे मला आतून ऐकू आलं.

"हवालदार, हायसा का?"

"या," आबा म्हणाले. एवढंच. जणू काही मधे घडलंच नव्हतं.

"आवं, तुमच्या हातात पाळी हुती तवा निदान तुमाला शिव्या तरी घालता येत हुत्या. आता कुनाची गचांडी धरू? कागूद दावत्यात नुसता. दीड वरीस झालं, ऊस पाचट व्हायला लागला माझा. तुमी चला माझ्यासंगं. तुमी सांगितलं तर ऐकतील."

मला वाटलं, आता आबा उट्टं काढणार.  आबांनी खुंटीवरची टोपी काढली आणि म्हणाले, "चला."

तक्रार शेतकी अधिकाऱ्याकडे गेली, आणि गठ्ठा घेऊन हजर राहायला मला विश्रामबागेहून बोलावणं आलं. अधिकाऱ्याच्या टेबलासमोर अण्णा आणि आबा बसलेले, एका भिंतीला तो पान खाणारा चिटबॉय उभा, दुसऱ्या भिंतीला मी. अधिकाऱ्याने कागद उलगडला, बोट फिरवलं.

"हे बघा. प्रकार तीन. सुरू. सुरूचा नंबर लागायला अजून अवकाश आहे."

"सायेब, आडसाली हाय माझा! रानात येऊन बघा की, वासा हुबा ऱ्हायल्यागत हुबा हाय."

"असेल हो. पण मला हाताने बदलता येत नाही. हाताने बदल करायचा नाही असा ठराव आहे. तुम्हीच मांडला होता ना?"

 मला हसू आवरेना, मी खाली बघितलं. "दुरुस्तीचा अर्ज द्या," अधिकारी म्हणाला, "पुढच्या छपाईत बघू." पुढची छपाई म्हणजे पुढचा हंगाम.

आबांनी चष्मा लावून कागद जवळ ओढला. अण्णाच्या ओळीवरून त्यांचं बोट गेलं. सातवर थांबलं. तीनवर थांबलं. परत सातवर आलं.

"आषाढात सुरू?" ते स्वतःशीच बोलल्यासारखे बोलले.

"पंचिंगच्या पोरींची चूक असेल. शहरातल्या पोरी, त्यांना काय कळतंय," अधिकारी म्हणाला.

"पोरी भोकं पाडत्यात. आकडं कोन लिवतं?"

"हे काय, तुमचे चिरंजीवच लिहितात की."

अण्णा वळला आणि त्याचा चेहरा उजळला. "आरं, हे माझ्या ध्यानातच न्हाई! घरचाच मानूस हाय की! बघ रं बाबा, काय झालंय ते."

आबा माझ्याकडे बघत होते. मी आबांकडे बघितलं नाही. मी म्हणालो, "गावच्या वहीत तसंच आलं होतं."

भिंतीला टेकलेला चिटबॉय सरळ झाला. "माझ्या वहीत? न्हाई, मी तर..." म्हणाला आणि थांबला. वही आणून बघायची कुणाला गरज वाटली नाही. ती माझ्याच ऑफिसात कपाटात होती, आणि तिच्यात आडसाली लिहिलेलं होतं. आबांना ते बघावं लागलं नाही. तो माणूस आषाढातल्या लागणीला सुरू लिहील, हे त्यांच्या स्वप्नातही येणार नव्हतं. शहरातल्या पोरीकडून ती चूक झाली असती. आमच्या रानात वाढलेल्या कुणाकडून ती नुसती चूक म्हणून होत नाही. एवढं त्यांना त्या बोटाखालच्या दोन आकड्यांवरून कळलं होतं, आणि आता त्यांनी तोंड उघडायचं की नाही, एवढाच प्रश्न उरला होता. एका बाजूला त्यांचा जोडीदार, दुसऱ्या बाजूला मी.

आबांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि काहीच बोलले नाहीत.

आठवड्याभरात त्या चिटबॉयला कामावरून काढलं. चुकीची नोंद केली, सभासदाचं नुकसान केलं. इथे मला स्वच्छ लिहिलं पाहिजे. अण्णाचं मला तेव्हा वाईट वाटलं नाही आणि आजही फारसं वाटत नाही. माझ्या पोटात जे रुतून बसलं आहे ते या माणसाचं आहे, ज्याने आबांची टोपी पुसली होती.

बाहेर आल्यावर आबांनी अण्णाला वाट सांगितली. जळालेला ऊस कारखाना पाळी सोडून लगेच उचलतो. ठेवला तर नासतो, म्हणून तो जुना नियम होता. दरात कपात होते, पण ऊस जातो. त्या छापील पत्रकात जळिताला चौकोनच नव्हता.

त्या रविवारी भर दुपारी मी आष्ट्याला उतरलो तर ओढ्याकडून धुराचा लोट उठलेला. पळत गेलो. अण्णाने स्वतःच्या हाताने आपला ऊस पेटवला होता. पेटलेलं पाचट फटाक्यासारखं तडतडत होतं, वर घारी घिरट्या घालत होत्या, आतले उंदीर बाहेर पळत होते. शेजारच्या बांधावर आबा ओलं पोतं घेऊन आग आवरत उभे होते. तोंड काजळलेलं. अण्णा दूर उकिडवा बसून रडत होता, मोठ्या माणसाने रडू नये तसा, नाक वाहत. हेच तर मला हवं होतं. मी उभा राहून पोटभर बघून घेतलं. आबांनी मला बघितलं आणि पोतं भिजवायला ओढ्याकडे गेले. "धर जरा" एवढंसुद्धा म्हणाले नाहीत.

अण्णाचा ऊस दुसऱ्या दिवशी तुटून गेला. आणि अण्णा आबांचा झाला. रोज संध्याकाळी येऊन बसायचा, आपल्या घरचं दूध धाडायचा. माझ्या डोळ्यांदेखत माझा सूड असा उलटा फिरला. मी ज्यांच्यासाठी केलं म्हणत होतो ते त्याच्याबरोबर हसत सुपारी कातरत बसलेले असायचे, आणि मी आत पाय टाकला की दोघांतले आबा गप्प व्हायचे.

पावसाळ्यात मला एका संचालकाने, चेअरमनच्या माणसाने, कारखान्याच्या गेस्ट हाऊसवर बोलावलं. चहा आला, बिस्किटं आली.

"आषाढातला सुरू," तो म्हणाला आणि खदखदून हसला. "गड्या, आमाला इतकी वर्सं सुचलं न्हाई ते तू करून बसलास. घाबरू नगं. आमी रागावलो न्हाई."

मग त्याने काही नावं सांगितली. सगळी अण्णाच्या पार्टीतली. निवडणूक जवळ आली होती. मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी मला उघडं पाडलं असतं, हे खरं आहे. त्या नावांत अण्णाचं नाव पहिलं होतं आणि ते ऐकून मला बरं वाटलं, हेही तेवढंच खरं आहे. मी त्या हंगामात सगळ्यांचे आकडे बदलले. यावेळी महिनेही बदलले, शहाणा झालो होतो.

तेव्हा आणीबाणी होती. ऑफिसच्या भिंतीवर शिस्तीच्या पाट्या, सभेत कुणी मोठ्याने खोकायचं नाही असे दिवस. तरी एरवी लोकांनी चिटबॉयचं घर फोडलं असतं, गट ऑफिसवर दगड घातले असते. आता त्यांना भांडायला माणूसच समोर नव्हता. गट ऑफिसातला कारकून भिंतीवरचा कागद दाखवायचा आणि हात जोडायचा. त्या सालात आमच्या भागात जागोजाग ऊस पेटला. लोक उन्हाला दोष देत राहिले. विरुद्ध पार्टीतली माणसं एकेक करून चेअरमनला भेटून आली आणि निवडणुकीत अण्णाच्या बाजूने उभं राहायला कुणी मिळालं नाही. पाळीपत्रकाच्या त्या कागदाने चेअरमनची ताकद जेवढी वाढवली तेवढी पैशानेही वाढली नसती. आज साताऱ्यात मी मुलांना संगणक शिकवतो. त्यांचे आईबाप फी भरताना कौतुकाने विचारतात, "सर, हे चुकत नाही ना कधी?" मी "नाही" म्हणतो.

अण्णा विश्रामबागेत आला तो आणीबाणीच्या त्याच हंगामात. कधी नव्हे ते खाली बघून आत आला. तो तीनचा आकडा माझा होता, हे आबांनी त्याला सांगितलं होतं. का सांगितलं, केव्हा, मला माहीत नाही. सगळ्यांचा ऊस जळताना बघून त्यांना राहवलं नसेल. मुली मशीनवर बसलेल्या. मी खुर्चीतून उठलो, एक हात आपोआप गालाकडे गेला.

"बस," अण्णा म्हणाला. "मारायला न्हाई आलो. मी तुज्या बाला मारलं, तू माझा ऊस जाळायला लावलास. फिटलं. पर त्या गरिबाला का गुतवलंस? तेवढं लिवून दे. चूक तुज्या हातनं झाली म्हन. मुद्दाम केलं म्हनू नगंस. चूक म्हन. त्येला परत घेतील."

किती साधी गोष्ट मागत होता. दोन ओळी. मी आजही तो क्षण परत परत तपासतो आणि मला तिथे नोकरी जाण्याची भीती फारशी सापडत नाही. मला सापडतो तो राग. हा माणूस इतकं होऊनही मोडला नव्हता. तो माझ्या ऑफिसात येऊन, माझ्यापुढे उभा राहून, सगळं फिटलं म्हणून मोकळा होत होता. फिटलं की नाही ते मी ठरवायचं होतं.

"तुमच्याकडे काही पुरावा आहे का?" मी विचारलं.

 अण्णा एका मुलीला म्हणाला, "बाई, जरा पानी द्या." पाणी प्यायला आणि गेला.

पुढच्या उन्हाळ्यात त्याने ऊस मोडला. ओढ्याकाठचं सगळं रान नांगरून हळद लावली. हळदीला कारखाना लागत नाही, पाळी लागत नाही, चौकोन लागत नाही. पुढची नोंदवही आली तेव्हा अण्णाच्या नावापुढे लागण नव्हती. माझ्याकडे त्याचं काहीच राहिलं नाही. मी पेन घेऊन त्या रिकाम्या जागेकडे बघत बसलो होतो.

आई गेल्यावर आबा घरात एकटे राहत होते. त्यांना सांगलीला माझ्याकडे आणावं म्हणून मी शिमग्याच्या सुमाराला गावी गेलो. घराला कडी होती. शेजारची म्हणाली, "अण्णाच्यात असतील, हळद शिजतीया."

ओढ्याकाठी मोठी काहील चुलाणावर चढलेली, वाफेचा उग्र वास पसरलेला. अण्णा ओली हळद घालत होता, आबा लाकडं सारत होते. आणि शिजलेली हळद तट्ट्यावर पसरणारा तिसरा माणूस म्हणजे तो चिटबॉय. अण्णाने त्याला कामावर ठेवून घेतलं होतं. तिघांचेही हात कोपरापर्यंत पिवळे. अण्णाने मला बघितलं आणि आपलं काम चालू ठेवलं. आबांनी मान वर केली नाही.

"आबा, चला माझ्याबरोबर. एकटे किती दिवस राहणार?"

"हितं काम हाय," आबा म्हणाले.

चिटबॉय मात्र हसत पुढे आला. त्याला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. आबांनी माझ्यासाठी सांगितलं नसेल, अण्णाने आबांसाठी. "बस की रं, च्या ठिवतो. किती दिसांनी आलास! मोठा सायेब झालास म्हनं." मी बसलो. त्याने माझी विचारपूस केली, पोराबाळांची केली. मग चहा गाळता गाळता आपणहून म्हणाला, "त्या टायमाला तुज्यावर बालंट आलं असतं बग माज्यापायी. मी लय इचार केला नंतर. म्हनलं, मशीन कशाला खोटं बोलंल? त्येला काय पडलंय? माज्याच हातनं लिवलं गेलं आसंल. नजर कमी झाली हुती तवाच. व्हय का न्हाई?"

काहिलीखाली लाकूड सारता सारता आबांचा हात थांबला. अण्णाही थांबला. दोघांनी माझ्याकडे बघितलं, एकदमच.

मी चहाची कपबशी हातात घेतली आणि म्हणालो, "असेल."